ह्याचं त्याला लागतं का?

तळेकर कुणाच्याही घरी गेले की आधी डब्यांची झाकणं बदलून बघत.

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी ते पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी चांगली हाताची खुर्ची पुढे केली होती. पण गृहस्थ बसलेच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले, स्टोव्हशेजारचं साखरेचं झाकण उचललं आणि चहाच्या डब्यावर ठेवून दाबलं. ते बसेना. मग एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी अशा आवाजात माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, ह्याचं त्याला लागत नाही."

ते गेल्यावर हिने मला विचारलं, हे गृहस्थ कल्हईवाले का? मी म्हटलं, नाही, आमच्या कंपनीच्या मध्यवर्ती खरेदी खात्याचे प्रमुख आहेत, आणि मी त्यांच्या हाताखाली काम करतो. ही "असं होय" म्हणाली आणि पुढचा अर्धा तास डबे जरा मोठ्यानेच आपटत होती.

दत्ताराम तळेकर म्हणजे धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि कोटाच्या खिशात एक एवढंसं पितळी दातेरी चाक. बोलताना ते चाक बोटांत फिरवत. कोकणातले, मालवणकडचे, राहायला लालबागच्या चाळीत. ऑफिसात मराठी अगदी छापील बोलत, पण मनाला काही लागलं की मालवणीवर येत. त्यांचा एकच प्रश्न असे आणि तो ते जगातल्या सगळ्या वस्तूंना विचारत: ह्याचं त्याला लागतं का? छत्रीची मूठ, कंदिलाची काच, पेनाचं टोपण, चाळीतल्या नळाची तोटी. एकदा तर एका लग्नाच्या बैठकीत, पत्रिका जुळते का नाही यावर दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर आली असताना, हे शेजारी बसून दोन्हीकडच्या तांब्यांवर एकमेकांची फुलपात्री ठेवून बघत होते.

आता ते चाक खिशात कुठून आलं ते सांगतो, म्हणजे माणूस नुसताच विक्षिप्त नव्हता हे कळेल.

आमची कंपनी मोठी. परळला एक गिरणी, लालबागला दुसरी, भोईवाड्याच्या अंगाला रंगखातं, रे रोडला गोदाम आणि फोर्टात हेड ऑफिस. टाइपरायटर आणि आकडेमोडीची मशिनं ज्याची त्याने घ्यायची अशी रीत होती. परळच्या मॅनेजरचा मेव्हणा एका कंपनीचे टाइपरायटर विकायचा, म्हणून परळला ते. लालबागच्या मॅनेजरला जर्मन मालाचा षोक, म्हणून तिथे जर्मन. रंगखात्यात एक मशीन असं होतं की त्याच्यावरची अक्षरं उडून गेल्यामुळे ते कुठल्या मुलखातून आलं हेच कुणाला सांगता येत नसे. लालबागला रिबिनींनी कपाट भरलेलं असायचं आणि परळला जुनीच रिबीन शिक्क्याच्या शाईत बुडवून वापरायचे, कारण इथली रिबीन तिथल्या मशीनला बसत नसे.

एकदा ऐन पगाराच्या दिवशी परळचं आकडेमोडीचं मशीन बंद पडलं. आतलं दातेरी चाक मोडलं होतं. तळेकर तेव्हा स्टोअरमध्ये कारकून होते. लालबागला तशाच कामाचं मशीन धूळ खात पडलंय हे त्यांना ठाऊक होतं. ते त्याचं चाक काढून, धोतराचा सोगा सावरत, परळपर्यंत अक्षरशः धावत आले. आणि ते चाक बसलं नाही. पहिल्या पाळीची माणसं दाराशी उभी, आत कारकून बोटांवर बेरजा करताहेत, आणि तळेकर मध्ये चाक हातात घेऊन. पगार दुसऱ्या दिवशी झाला. ते चाक त्यांनी खिशात टाकलं ते टाकलंच.

त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी एकच धोशा लावला: सगळ्या कंपनीची खरेदी एका जागेवरून, आणि सगळीकडे एकच मशीन. लोक हसत. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की आम्ही सभेला जायचो, घसा बसेपर्यंत "झालाच पाहिजे" ओरडायचो. तळेकरही यायचे. परतताना म्हणायचे, "मुंबई मिळेल हो. एवढी माणसं मागतायत तर मिळेल. पण रिबिनी एका मापाच्या व्हायला पाहिजेत, त्यासाठी कोण सभा घेतो?" मी त्यांना चिडवायचो की बाहेर एक राज्य आणि आत एक मशीन, दोन्ही चळवळींत आमचा नंबर मागचाच.

शेवटी मोठ्या साहेबांनी योजना मान्य केली. पण अट घातली. सहा महिने बघू. कुठल्याही गिरणीतून लेखी तक्रार आली तर योजना बंद, आणि मग ज्याचा तो मुखत्यार. तळेकरांना एक खोली दिली, मला त्यांच्या हाताखाली दिलं, आणि आम्ही दोघं गिरण्या-गिरण्यांतून मशिनं बघत हिंडायला लागलो.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. आमच्या कंपनीत मशीन कधी निकामी होत नसे, ते फक्त खाली उतरत असे. नवं मशीन हेड ऑफिसात यायचं. हेड ऑफिसचं जुनं मॅनेजरच्या खोलीत. मॅनेजरचं जुनं मोठ्या कारकुनांना. त्यांचं झिजलेलं त्यांच्या खालच्यांना. उतरंडीतल्या मडक्यांसारखं सगळं नीट रचलेलं. आणि परळच्या गिरणीत या उतरंडीच्या अगदी तळाशी सुलोचना गायकवाड बसत असे.

सुलोचना भोईवाड्याच्या चाळीतली. तिचे वडील आमच्याच गिरणीत सूतखात्यात होते. विणकामात त्यांच्या लोकांना घेत नसत. का, हे त्या काळच्या माणसाला समजावून द्यावं लागत नसे. पोरीने मॅट्रिक करून टायपिंगची परीक्षा दिली आणि लेबर ऑफिसात लागली, अजून कायम व्हायची होती. धर्मांतर होऊन फार दिवस झाले नव्हते. घरच्या सगळ्यांबरोबर तिनेही बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. तिला जे मशीन मिळालं होतं, त्यातल्या एका अक्षराचा दांडा वर गेला की खाली यायचं नाव घेत नसे. दर वेळी बोटाने ओढून खाली आणावा लागे. तिची पत्रं उशिरा होत आणि डागाळलेली निघत, आणि हेडक्लार्क अण्णासाहेब त्यावर तांबड्या पेन्सिलीने खुणा करून ठेवत. तिला कायम करायचं का नाही, ते त्या खुणांवर ठरणार होतं.

अण्णासाहेब माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं तर पहिला हजर असायचा. पण सुलोचनाचं मशीन दुरुस्तीला गेलं की त्या अख्ख्या खोलीत तिला बसायला दुसरं मशीन मिळत नसे. एरवी ती मंडळी एकमेकांची मशिनं खुशाल वापरत. सुलोचनाने विचारलं की मात्र प्रत्येकाचं उत्तर एकच: "हे माझ्या हाताला बसलंय." आणि तिचं मशीन मोकळं असलं तरी तिथे कुणी बसत नसे. याउपर कुणी काही बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

तळेकरांनी हे एका दुपारी उभ्या उभ्या पाहिलं. खिशातलं चाक बाहेर काढलं, फिरवलं, परत ठेवलं. त्याच दिवशी योजनेत त्यांनी एक कलम वाढवलं: सगळी मशिनं दर महिन्याला साफसफाईला आमच्या खात्यात येतील, आणि परत जाताना कुठलंही कुठल्याही टेबलावर जाईल. कुणाचंच मशीन कुणाचं नाही.

नवी मशिनं यायच्या आधी मोठ्या साहेबांचे सेक्रेटरी आमच्या खोलीत आले. म्हणाले, साहेबांच्या ऑफिसपुरतं तरी जरा भारी मशीन घ्या, शोभा असते. तळेकरांनी विचारलं, साहेबांचं ते मशीन जुनं झालं की कुठे जाईल? सेक्रेटरी म्हणाले, जाईल खाली कुठेतरी.

"मग नको," तळेकर म्हणाले.

मला वाटलं, आता सहा महिन्यांची गरजच नाही, उद्याच गाशा गुंडाळावा लागणार. पण साहेबांना बहुधा शोभेपेक्षा पत्रं वेळेवर जाण्याशी मतलब असावा. त्यांनाही तेच मशीन आलं.

रे रोडच्या गोदामात मशिनं उतरली त्या दिवशी तळेकरांनी स्वतः नारळ वाढवला. त्यांच्या चाळीतल्या खोलीत दरसाल गणपती यायचा. माणूस पक्का भाविक. पहिलं खोकं उघडलं, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग दोन मशिनं शेजारी ठेवून एकाची रिबीन काढून दुसऱ्याला घातली. ती बसली. मी त्यांना एवढं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

परळच्या खोलीत आता एका रांगेत सगळी एकसारखी मशिनं. सुलोचनाची पत्रं लख्ख निघायला लागली. तांबड्या पेन्सिलीला काम उरलं नाही. महिन्याने मशिनं साफ होऊन परत गेली तेव्हा अण्णासाहेबांनी आपलं मशीन वरून खालून न्याहाळलं. आमच्या गड्याला हळूच विचारलंही, हे कुठलं? गडी म्हणाला, सगळी तीच हायत. अण्णासाहेब थोडा वेळ उभे राहिले आणि मग करणार काय, बसले. हाताला बसायला मशीनला वेळच मिळत नव्हता. चार-पाच महिने सुरळीत गेले.

आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला गिरणीत साच्यांची, म्हणजे मागांची, पूजा असते, आणि ऑफिसात टाइपरायटरची. ज्याने त्याने आपल्या पुढ्यातल्या मशीनला झेंडूचा हार घालायचा, हळद-कुंकू लावायचं. ही गोष्ट योजनेत कुठेच बसवलेली नव्हती. तळेकर आणि मी पेढे घेऊन परळला पोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. रांगेतल्या प्रत्येक मशीनच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं. एक सोडून. सुलोचनाच्या मशीनवर झेंडूचा हार होता, चांगला जाड, टपोऱ्या फुलांचा, कुंकू नव्हतं. अण्णासाहेबांनी तिला सगळ्यांदेखत लाव म्हणून सांगितलं होतं, आणि तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की फुलं मी वाहिली, कुंकू मी लावणार नाही, आम्ही शपथ घेतली आहे. ती आपल्या जागी ताठ बसली होती. हात मांडीवर घट्ट धरलेले.

अण्णासाहेब हसत पुढे आले आणि पेढा तोंडात टाकून म्हणाले, "चला, हे एक बरं झालं तळेकर. आता ओळखू तरी येईल."

तळेकरांचा चेहरा मी बघत होतो. त्या पगाराच्या दिवशी, चाक हातात घेऊन उभे असताना, असाच दिसला असणार. वर्षानुवर्षं राबून ज्या मशिनांमध्ये त्यांनी फरक ठेवला नव्हता, त्यांत एका बोटाने फरक पडला होता. खोलीतल्या सगळ्यांना आता कळलं होतं, कुठलं टाळायचं ते.

त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. खिशातून रुमाल काढून माठातल्या पाण्यात भिजवला, पिळला, आणि रांगेतल्या पहिल्या मशीनपाशी गेले. आधी त्याला हात जोडले. मग त्याच्यावरचं कुंकू पुसलं.

वाचकहो, कुंकू पुसणं हे शब्दसुद्धा आमच्याकडे सणासुदीला कुणी उच्चारत नाही. तळेकर दुसऱ्या मशीनपाशी गेले. हात जोडले, पुसलं. तिसऱ्यापाशी गेले. रुमाल लाल झाला, बोटं लाल झाली. सुलोचना उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझ्यासाठी नको."

"तुमच्यासाठी नाही, बाई," तळेकर म्हणाले. "तुम्ही केलंत ते बरोबर आहे. फुलं सगळ्यांनी वाहिली आहेत. जे सगळ्यांचं आहे ते राहू दे."

मग अण्णासाहेबांकडे वळले. "कुंकवाची पूड आतल्या तेलात बसते. दांडे चिकटतात. खात्याचा हुकूम समजा. ह्यापुढं फुलां. सगळ्यांका फुलां."

आणि शेवटचं मशीनही पुसून काढलं. टोपी घालायला गेले तर बोटांचा लाल डाग टोपीवर उमटला. तसेच बाहेर पडले.

अण्णासाहेबांनी तक्रार केली, लेखी. सणाच्या दिवशी धर्मभावना दुखावल्या वगैरे. साहेबांनी दसऱ्यानंतर तळेकरांना बोलावून विचारलं, कुंकवाने खरंच मशीन बिघडतं का? तळेकरांनी सांगितलं की मशीन कदाचित सावकाश बिघडेल, पण योजना त्याच दिवशी बिघडली असती. साहेब म्हणाले, ही तक्रार मशीनबद्दलची नाही, मी धरत नाही. योजना टिकली. फुलांचा नियम पाचही ठिकाणी लागू झाला. सुलोचना त्याच महिन्यात कायम झाली, आणि पुढे कित्येक वर्षं तिथे होती. हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते दसऱ्याच्या संध्याकाळचं, जेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

दसऱ्याला मी सोनं द्यायला लालबागला गेलो. तळेकर एकटेच राहतात अशी तोवर माझी समजूत होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. पण खोलीत एक म्हातारी होती, पांढऱ्या केसांची, कपाळ मोकळं. तळेकरांनी ओळख करून दिली, ही माझी काकी, आणि स्वतः आत चहा टाकायला गेले. बोटांवरची लाली अजून पुरती गेली नव्हती. मी काकींना आपट्याची पानं दिली, पाया पडलो, आणि न राहवून परळचं सगळं सांगितलं. म्हटलं, एका मशीनसाठी माणसाने सगळ्यांचं कुंकू पुसावं म्हणजे काय? नोकरीवर बेतलंय.

म्हातारी हसली. चकित झाली नाही. म्हणाली, "तो खंय शिकलो ता माका ठावक आसा."

मग तिने सांगितलं. दत्ताराम तिचा मुलगा नव्हे, धाकट्या दिराचा. आईबाप एकाच साथीत गेले आणि हे पोर तिच्या दारी आलं. तिची स्वतःची चार. नवरा गिरणीत, दर गणपतीला गिरणीतून एक तागा आणायचा आणि पाचही पोरांना त्या एकाच ताग्यातले सदरे शिवायचे. गिरणगावात घरोघरी तशीच रीत, स्वस्त पडतं म्हणून. पण त्यामुळे आरतीला पाच पोरं रांगेत उभी राहिली की घरचं कुठलं आणि आणलेलं कुठलं, हे कुणाला कळायचं नाही.

"एका वर्साक कापड कमी पडलां," ती म्हणाली. "चार सदरे झाले, पाचवो होयना. शेजारीण म्हणाली, दिराच्या पोराक जुनो घाल, तेका काय कळता? आमच्या ह्येंनी चारय सदरे उचलल्यानी नि ट्रंकेत टाकल्यानी. त्या वर्सा पाचय पोरां जुन्या सदऱ्यांत आरतीक उभी रवली."

आतून डब्यांचा आवाज आला. तळेकर चहाच्या डब्याचं झाकण साखरेला लावत असावेत. आवाजावरून ते बसलं. भिंतीवर एक जुनी, पिवळी पडलेली तसबीर होती, गणपतीसमोर रेघांच्या एकसारख्या सदऱ्यांतली पाच पोरं. कपबश्या घेऊन तळेकर बाहेर आले तेव्हा मी विचारलं, ह्यातले तुम्ही कुठले?

त्यांनी कपबश्या खाली ठेवल्या आणि तसबिरीकडे बघितलं. एखादा माणूस मिळालेलं पदक दाखवतो ना, तसा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, "काय माहीत. किती वेळा बघितलं, मला अजून ओळखता येत नाही."

काकींनी तसबीर खाली काढायला लावली, मांडीवर घेतली आणि पदराने काच पुसली.

"माका तरी खंय वळाखता येता?" म्हातारी म्हणाली. पण बोट मात्र तिने डावीकडून दुसऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि चहा निवेपर्यंत ते तिथून हललं नाही.